गुग्गुळाचा पेपर आणि सायटेशनचा हिशेब

सप्टेंबर उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांच्या फाटकांवर नवे फ्लेक्स चढतात. गणेशोत्सवाच्या शुभेच्छांना खेटून 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या प्राध्यापकांची निवड' झळकतं. खाली फोटो, आणि वर कोपऱ्यात संस्थाचालक हात जोडून उभे. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि तिच्यात 'स्टॅनफोर्ड विद्यापीठाने जाहीर केलेल्या यादीत' असं ठोकून दिलेलं असतं. ही यादी विद्यापीठ म्हणून स्टॅनफोर्ड काढतच नाही. तिथले प्राध्यापक जॉन इओअॅनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हिअर कंपनीच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून ती तयार करतात. तिच्यासाठी कुणी अर्ज करत नाही, कुणी मुलाखत घेत नाही आणि मुख्य म्हणजे कुणी पेपर वाचत नाही. पेपरांचा किती वेळा हवाला दिला गेला, लेखकांच्या रांगेत नाव कितवं होतं, याची गणितं होतात आणि क्रम लागतो.

यादी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्वतःच स्वतःच्या पेपरांचे दिलेले हवाले वगळले तर काय उरतं, याचाही वेगळा रकाना ते देतात. तो रकाना फ्लेक्सवर चढत नाही, इतकंच.

सायटेशनचा, म्हणजे अशा हवाल्यांचा, आकडा सगळ्याच विषयांत थोडाफार चकवतो. पण औषधी रसायनशास्त्रात, म्हणजे औषध होऊ शकेल असे रेणू शोधायच्या आणि घडवायच्या शास्त्रात, त्याच्यावर विसंबून माणूस निवडणं निव्वळ चुकीचं आहे. याचे दाखले शोधायला शहराबाहेर जायला नको. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे १९५० साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली पुणेकरांची एनसीएल, आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, या दोन पत्त्यांवर पुरेसे सापडतात.

गुग्गुळापासून सुरुवात करू. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात तो तपकिरी, चिकट खड्यांच्या रूपात मिळतो. खड्यांत सालीचे तुकडे, माती, काड्या अडकलेल्या असतात. कुणी तो धुपासाठी नेतो, कुणी वैद्य योगराज गुग्गुळ करायला. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते असा निष्कर्ष काढला. आता पुढचा प्रश्न रसायनशास्त्राचा होता. या चिकट खड्यात नेमकं आहे काय?

त्याचं उत्तर पाषाणला निघालं. एनसीएलच्या सेंद्रिय रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. सुख देव यांनी आयुर्वेदातल्या कच्च्या औषधींच्या रसायनशास्त्रावर एक लेखमालाच हाती घेतली. तिचा पहिला विषय गुग्गुळ. व्ही. डी. पाटील आणि यू. आर. नायक यांच्यासह त्यांनी लिहिलेला पेपर १९७२ साली 'टेट्राहेड्रॉन' या नियतकालिकात छापून आला. अशा कामाची रीत सांगायला सोपी आणि करायला जिकिरीची. राळ इथाइल अॅसिटेटमध्ये विरघळवायची, न विरघळणारा डिंक बाजूला काढायचा. उरलेल्यातून आम्लधर्मी भाग वेगळा, अल्कधर्मी भाग वेगळा. राहिलेल्या उदासीन भागातून कीटोन गट असलेली संयुगं निवडायची आणि ती सिलिका भरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून थेंबाथेंबाने उतरवायची. प्रत्येक परीक्षानळीतला एक ठिपका पातळ थराच्या पट्टीवर टेकवायचा, पट्टी द्रावणात उभी करायची आणि ठिपका किती वर चढला ते पाहायचं. दोन ठिपके एकमेकांना चिकटून चढले की पुन्हा नळी भरायची. अशा झटापटीतून दोन जुळी स्टेरॉइडं हाती आली. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त एका दुहेरी बंधाच्या टोकाला एक गट एकात इकडे तर दुसऱ्यात तिकडे वळलेला. त्यांना नाव मिळालं ई-गुग्गुलस्टेरोन आणि झेड-गुग्गुलस्टेरोन. रेणूची रचना उलगडणारी त्या काळची एनएमआर यंत्रं आजच्या तुलनेत फारच दुबळी होती, हे लक्षात घेतलं तर त्या कामातली नजर कळते.

पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने प्रमाणित अर्क तयार केला आणि १९८०च्या दशकाअखेर सिप्लाने तो 'गुगलिप' नावाने बाजारात आणला. भारतात डॉक्टर तो लिहून देऊ लागले. जगाला मात्र त्याचं विशेष सोयरसुतक नव्हतं.

मग २००२ साल आलं. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की गुग्गुलस्टेरोन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला अडवतो. शरीरातली पित्ताम्लं आणि कोलेस्टेरॉल यांचा ताळमेळ ठेवणाऱ्या यंत्रणेतली ही एक महत्त्वाची कळ. रातोरात पाषाणचा रेणू जगभरच्या प्रयोगशाळांना हवासा झाला. वर्षानुवर्षं पडून राहून एकाएकी जाग येणाऱ्या अशा संशोधनाला सायटेशनचे अभ्यासक 'झोपलेली राजकन्या' म्हणतात. लायडनच्या अँथनी व्हान रान यांनी २००४ साली ही उपमा रूढ केली. १९७५ साली एखाद्या निवड समितीने गुग्गुळावरच्या कामाचं मोल तीन वर्षांच्या सायटेशनवर ठरवलं असतं, तर काय ठरलं असतं?

आणि गोष्ट इथे संपत नाही. २००३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीचा निकाल आला. कोलेस्टेरॉल वाढलेली १०३ प्रौढ माणसं, आठ आठवडे, काहींना गुग्गुळाचा अर्क आणि काहींना नुसती दिसायला सारखी गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल ५ टक्के उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्के चढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. हा निकाल भारतीय आहाराला, भारतीय शरीराला लागू पडतो का, यावर वाद झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत.

सायटेशनच्या वहीत हे सगळं एकाच बाजूला पडतं. गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणणाऱ्याने हवाला दिला, जमा एक. उतरत नाही, चढतं म्हणणाऱ्याने दिला, तरी जमा एकच. खर्चाचा रकानाच नाही. या गदारोळात १९७२च्या पेपरातलं रसायनशास्त्र मात्र अबाधित राहिलं. खड्यात काय आहे, एवढंच त्याने सांगायचं होतं आणि ते त्याने अचूक सांगितलं. माणसाला गुण येतो की नाही, हा वेगळ्या लोकांनी वेगळ्या पद्धतीने सोडवायचा प्रश्न होता. दोन्हींची गल्लत करणारा आकडा कुणाच्याच कामाला न्याय देत नाही.

या गोष्टीला आणखी एक टोक आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळावरचं गुग्गुळाचं झुडूप अधिकाधिक राळ मिळावी म्हणून खोल चिरे देऊन ओरबाडलं गेलं. २०१५ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते 'अतिसंकटग्रस्त' वर्गात घातलं. हाही एका औषधाच्या मागणीचा इम्पॅक्टच म्हणायचा. त्याचा कुठल्या इंडेक्समध्ये समावेश नाही.

पाषाणहून पिंपरीला जाऊ. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांचा धांडोळा घेतला. त्यातल्या एका जातीला त्यांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असं नाव दिलं. पिंपरी जीवशास्त्राच्या नामावळीत गेली ती अशी. तिच्यापासून बुरशीविरोधी हॅमायसिन मिळालं. नावातलं 'हॅ' कंपनीचं. भारतात शोधल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या अँटिबायोटिकांपैकी हे एक, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेतही बुरशीच्या गंभीर आजारांवर त्याच्या चाचण्या झाल्या. त्याची पहिली घोषणा १९६१ साली कुठल्या परदेशी मासिकात नव्हती. ती 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये होती, म्हणजे कारखान्याच्याच नियतकालिकात. आजच्या पदोन्नतीच्या अर्जात असला पेपर लिहिला तर कारकून विचारेल, या मासिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरामागे सरासरी सायटेशन, किती?

पुण्यातल्या औषधी रसायनशास्त्राचा मोठा भाग पेपरांत उतरलाच नाही, यामागे कायदाही आहे. १९७०चा पेटंट कायदा १९७२ साली अमलात आला. त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं बंद केलं, ते फक्त कृतीवर ठेवलं. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवता आला तर तो विकायला मोकळीक. २००५ साली ही मोकळीक गेली. मधल्या तेहतीस वर्षांत एनसीएलसारख्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाची हुशारी स्वस्त, सुटसुटीत कृती बसवण्यात खर्ची पडली. १९८४ साली सिप्लाने एनसीएलच्या साथीने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगाची औषधं देशातच तयार केली. ही दोन्ही सदाफुलीतून येतात, तीच अंगणातली जांभळी-पांढरी सदाफुली. टनावारी पाल्यात यांचं प्रमाण ग्रॅममध्ये मोजावं इतकं कमी असतं. रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांना व्हिनक्रिस्टिन आजही देतात. एनसीएलमध्ये घडलेले ए. व्ही. रामाराव १९८५ साली हैदराबादला गेले आणि तिथे त्यांनी एड्सवरच्या एझेडटीची कृती सिप्लासाठी बसवली. अशा कामाचा हवाला सलाईनच्या बाटलीला देता येत नाही.

आज हेच चित्र खासगी कंपन्यांत आहे. ल्युपिनच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात घडलेल्या एका कर्करोगविरोधी रेणूचे हक्क डिसेंबर २०१८मध्ये अॅबव्ही या अमेरिकी कंपनीने घेतले. सुरुवातीला ३ कोटी डॉलर, आणि सगळे टप्पे पार पडले तर ९४ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत. असे सौदे पुढे फळतातच असं नाही. बहुतेक रेणू वाटेत गळतात. पण हा रेणू घडवणाऱ्या चमूचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांचे हवाले यांवरून निघणारा आकडा, काढायला बसलं तर काय हाती लागणार? त्यांची नावं पेटंटांवर असतात, आणि पेपर कंपनीच्या वकिलांनी मान हलवल्याशिवाय बाहेर पडत नाही.

कधीकधी तर मोठेपणच सायटेशन खाऊन टाकतं. एनसीएलचे पहिले भारतीय संचालक के. व्यंकटरामन यांनी १९३०च्या दशकात लाहोरला असताना एका अभिक्रियेवर काम केलं. आज ती 'बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना' म्हणून पाठ्यपुस्तकात आहे आणि फ्लेव्होन वर्गातले रेणू करायला जगभर वापरली जाते. वापरणारे नाव लिहितात, मूळ पेपरचा हवाला देत नाहीत. गरजच काय? न्यूटनचा तरी कोण देतं? उलट १९५१ साली ऑलिव्हर लाउरी यांनी प्रथिनं मोजायची एक सोयीची पद्धत छापली. २०१४ साली 'नेचर'ने हिशेब केला तेव्हा तिच्या नावावर तीन लाखांहून जास्त सायटेशन होती, विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक. खुद्द लाउरींना तो आपला थोर पेपर वगैरे वाटत नव्हता.

हा सगळा मोजमापाचा कारभार सुरू कुणी केला? यूजीन गारफिल्ड यांनी. गंमत म्हणजे गारफिल्ड शिक्षणाने रसायनशास्त्राचे पदवीधर, आणि त्यांची पीएचडीही रासायनिक नावांवरून रेणुसूत्रं काढण्याबद्दलची. १९५५ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, ती वकिलांच्या एका जुन्या साधनावरून. अमेरिकी वकील 'शेपर्ड्स सायटेशन्स' चाळून पाहत असत की आपण ज्या निकालाचा आधार घेतोय तो पुढे कुठे मान्य झाला आणि कुठे फिरवला गेला. शिवाजीनगर कोर्टातल्या ज्युनियरलाही हे सांगावं लागत नाही. वरच्या कोर्टाने रद्द केलेला निकाल पुढे केला तर न्यायाधीश तिथल्या तिथे झापतात. गारफिल्डना विज्ञानात हीच सोय हवी होती. कुठल्या पेपरवर कुणी आक्षेप घेतलाय हे वाचकाला चटकन सापडावं, चुकीची माहिती आंधळेपणाने पुढे जाऊ नये. प्रत्यक्षात इंडेक्स आला तेव्हा 'मान्य' आणि 'फिरवला' या खुणा मागे राहिल्या आणि नुसती बेरीज पुढे आली. २००५ साली होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला आणि ती बेरीज माणसाच्या कपाळावर चिकटवायची सोय झाली.

हवाल्याची खरी ताकद काय असते, हे एनसीएलशीच नातं असलेल्या एका प्रसंगात दिसलं होतं. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. एनसीएलचं संचालकपद सोडून नुकतेच वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते लढवायचं ठरवलं. हे तर आम्हाला आधीच ठाऊक होतं, हे सिद्ध करायला सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले. त्यात जुने संस्कृत आणि उर्दू मजकूर होते, आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक पेपरही. १९९७च्या ऑगस्टमध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. त्या १९५३च्या पेपरला आधीच्या चाळीसहून अधिक वर्षांत कुणी किती वेळा उद्धृत केलं होतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. तो अस्तित्वात होता आणि सापडला, हे पुरलं.

त्याच हळदीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभरात हजारो पेपर निघाले, देशातल्या फार्मसी कॉलेजांचा त्यात मोठा वाटा. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये एका अमेरिकी गटाने या ढिगाची झाडाझडती घेतली. त्यांचं म्हणणं असं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही, आणि अनेक चाचण्यांत तो खोटा होकार देतो. परीक्षानळीत तो जवळजवळ सगळ्याच प्रथिनांना चिकटल्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपल्याला काहीतरी सापडलं. शंभराहून अधिक मानवी चाचण्या झाल्या, पण काटेकोर चाचणीत निर्विवाद यश एकातही नाही. सायटेशन मात्र भरघोस. कर्क्युमिनवर पेपर लिहिणारा कर्क्युमिनवरच्या पेपरांचे हवाले देतो आणि सगळ्यांचे आकडे हातात हात घालून वर चढतात. हळदीबद्दलचा अभिमान आणि कर्क्युमिनबद्दलची शंका, दोन्ही एकाच डोक्यात नांदायला हरकत नसावी.

आता थेट पुण्याच्या अंगणात. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढत्यांना एपीआय, म्हणजे गुणांची पद्धत जोडली. अमुक पेपरला तमुक गुण. पुढे काय झालं ते प्रत्येक स्टाफरूमला ठाऊक आहे. पैसे भरा, आठवड्यात पेपर छापा, असं सांगणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली तर तीच मंडळी यादीत घुसली. २०१८च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शुभदा नगरकर, रसायनशास्त्रज्ञ डॉ. श्रीधर गद्रे आणि इतरांनी 'करंट सायन्स'मध्ये या यादीची तपासणी छापली. विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी तपासली. ३४.५ टक्क्यांनी पत्ता, संपादक यांसारखी मूलभूत माहितीच दिलेली नव्हती किंवा चुकीची दिली होती. ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती, म्हणजे नसलेला इम्पॅक्ट फॅक्टर, नसलेली मान्यता. कसोटीला उतरली ती ११२. मे महिन्यात आयोगाने चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढली, आणि मग पुणे विद्यापीठातल्याच कक्षाच्या आधाराने 'यूजीसी-केअर' यादी उभी राहिली.

पटवर्धन स्वतः आयुर्वेदाच्या अंगाने औषधशोध करणारे. औषधांच्या दुनियेतल्या माणसाने पेपरांच्या बाजाराची शुद्धता तपासावी, हा योग चांगला होता. हे काम पुण्याने देशासाठी केलं, पण गुग्गुळ-हळदीइतकं त्याबद्दल बोललं गेलं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली. कुठलं नियतकालिक चांगलं ते विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आपापलं ठरवावं, असं आता धोरण आहे.

इथे आकड्यांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. आकडे आले ते काही निव्वळ मूर्खपणातून नाहीत. त्याआधी काय होतं? मुलाखतीच्या आधीच ठरलेलं नाव, कुणाच्या तरी चिठ्ठीवर झालेली नेमणूक, गाईडच्या मर्जीतला स्कॉलर. खेड्यातून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला स्कोपसवरचा आकडा निदान दाखवता येतो. तो कुणाच्या बापाचा नसतो. आकडे नकोत म्हणणाऱ्यांपैकी काहींना वशिल्याचे जुने दिवस परत हवे असतात, हेही खरं. पण वशिल्याला पर्याय म्हणून आणलेल्या आकड्यालाच आता वशिला लागू लागला आहे. तू माझा हवाला दे, मी तुझा देतो. पेपरवर पाचवं नाव घाला, पुढच्या वेळी आमच्या पेपरवर तुमचं. चेन्नईतल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून परीक्षेच्या निमित्ताने पेपर लिहून घेऊन आपल्याच संस्थेचे हवाले कसे फुगवले गेले, हे २०२३ साली 'सायन्स'ने उघड केलं. त्याच वर्षी क्लॅरिव्हेट कंपनीने आपल्या सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांच्या यादीतून हजारावर नावं संशयावरून गाळली. आकड्याची चोरी करता येते हे आता आकडेवाल्यांनाच मान्य आहे.

मग करायचं काय? पेपर वाचायचा. हे फार कष्टाचं वाटतं, पण अर्ज शंभर असले तरी अंतिम मुलाखतीला माणसं पाच-सात असतात. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे तीनच पेपर किंवा पेटंटं द्यावीत, आणि समितीतल्या निदान दोघांनी ती आधी वाचून यावीत.

वाचल्यावर काय दिसतं, याचा एक नमुना पाषाणचाच. डॉ. डी. श्रीनिवास रेड्डी औषध कंपन्यांतल्या नोकऱ्यांनंतर एनसीएलमध्ये आले. आज ते हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक आहेत. एनसीएलमध्ये त्यांनी एक वेगळीच खोड लावून घेतली, ती म्हणजे ज्ञात औषधातला एखादा कार्बन काढून तिथे सिलिकॉन बसवायचा. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या थेट खाली. त्यामुळे रेणूचा आकार साधारण तोच राहतो, पण तो जरा जास्त स्निग्ध होतो आणि पेशींच्या पडद्यांतून वेगळ्या पद्धतीने ये-जा करतो. २०१५ साली 'एसीएस मेडिसिनल केमिस्ट्री लेटर्स'मध्ये त्यांच्या गटाने लिनेझोलिडच्या कुळातल्या प्रतिजैविकांवर हा प्रयोग छापला. लिनेझोलिड म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वापरलं जाणारं औषध. सिलिकॉन बसवलेला एक रेणू प्राण्यांच्या मेंदूत मूळ औषधापेक्षा जास्त पोचला.

हा पेपर हातात घेऊन समितीतल्या माणसाला विचारता येतं, मेंदूत जास्त पोचलं हे चांगलं की वाईट? क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये वरदान, साध्या फुप्फुसाच्या क्षयात कदाचित नकोशी भानगड. सिलिकॉनवाला रेणू यकृतात कसा तुटतो? जंतू मारायची ताकद किती घटली? हा रेणू पुढे कुणी नेला, नेला नसेल तर कुठे अडला? ज्याने स्वतः नळ्या भरल्या आहेत तो या प्रश्नांवर अर्धा तास बोलेल, आणि ज्याचं नाव नुसतं पाचवं आहे तो तिसऱ्या प्रश्नाला चाचपडेल. त्यासाठी एच-इंडेक्स उघडायची वेळ येणार नाही.

केअर यादी गेल्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला आणि संलग्न कॉलेजांना आपले निकष नव्याने लिहावे लागणारच आहेत. त्यात औषधी रसायनशास्त्रासाठी पेटंट, उद्योगाने उचललेली कृती आणि नीट नोंदवलेला नकारात्मक निकाल, म्हणजे अमुक चाळीस रेणू केले आणि एकही चालला नाही हे खुलेपणाने मांडलेलं काम, यांना पेपरइतकंच वजन मिळालं पाहिजे. नाहीतर पुढच्या गाईडचा स्कॉलर तेच चाळीस रेणू पुन्हा करत बसेल, आणि त्याच सरकारी शिष्यवृत्तीवर. फ्लेक्सची बातमी लिहिणाऱ्या वार्ताहरानेही प्राध्यापकांना एक फोन करून विचारावं की तुमच्या कुठल्या कामाचा हवाला सर्वाधिक दिला गेला, आणि देणाऱ्यांना ते पटलं होतं की नव्हतं.